हिरवी थैली

“अमरावतीचंच पोरगं होतं म्हणे... पाठीवर हिरवी थैली... तिकडे नेपाळात, दरीत...”

एवढंच कमलाकांतबुवांच्या कानावर पडलं आणि परतवाड्याची बस सुटली. बोलणारा खिडकीत बसलेला, ऐकणारा खाली उभा. पुढचं सगळं धुरळ्यात गेलं.

कंदील बारीक करा रे, डोळ्यांवर येतो. अन् मधात कोणी उठू नका. ही आमच्या शेजारची गोष्ट आहे, अंबागेटच्या आतली. साल चौसष्ट, डिसेंबरची सुरुवात. बुवा स्टँडवर गेले होते साध्या कामाला. एका यजमानाकडे वास्तुशांतीची पंगत होती, तिच्या पत्रावळींसाठी मेळघाटातून पळसाच्या पानांचा भारा येणार होता. तो उचलायला सोबत देवमन, गल्लीतलाच तांगेवाला. त्यानंही ते बोलणं ऐकलं.

“बुवा, बस नाक्यावर थांबते. तांगा पळवतो मी. पुसून तं घेऊ, काय म्हणून राहिला होता तो.”

“काय पुसायचं?” भरस्टँडवर बुवांचा आवाज चढला. “माझ्यासाठी तो मे महिन्यातच मेला!”

मे महिन्यात काय झालं, ते साऱ्या गल्लीनं भिंतीला कान न लावताच ऐकलं होतं. वसंता त्यांचा एकुलता एक. सतरा वर्षांचा, नुकताच मॅट्रिक झालेला. बडनेऱ्याच्या फलाटावर त्याला एक गोरा पोरगा दिसला होता, पाठीला थैली बांधून एकटाच जग हिंडणारा. तेव्हापासून याच्या डोक्यात तेच. नेपाळ पाहून येतो म्हणाला, परदेश आहे, अन् पासपोर्टही लागत नाही. बुवा म्हणाले, मंत्र शीक, यजमान सांभाळ.

“उंबरा ओलांडलास तर तुझ्या नावानं पाणी सोडीन.”

“काहून? मी काय मेलो काय?”

‘का’ऐवजी हे वऱ्हाडी ‘काहून’ बुवांना घरात खपायचं नाही. वसंता चिडला की मुद्दाम तेच वापरायचा.

गेला तो. आणि त्याच्या आईनं, माणिकबाईंनी, त्याला जुन्या हिरव्या ताडपत्रीची थैली शिवून दिली. पट्ट्यांना बुवांच्या विरलेल्या उपरण्याचा लाल काठ लावला. पोराच्या जाण्यापेक्षा बुवांना त्या लाल काठाचा राग जास्त होता.

आता ऐका. परदेशी गेलेल्या माणसाचा पत्ता लागला नाही, तर बारा वर्षं वाट पाहायची असते. मग पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, लोकरीच्या धाग्यानं सगळं बांधायचं आणि त्याला अग्नी द्यायचा. हे बुवाच लोकांना सांगत. कोणी घाई केली तर त्याच्यावर ओरडत. स्वतःच्या पोराची मात्र त्यांनी वर्षभरही वाट पाहिली नाही. त्याच संध्याकाळी पत्रावळींचा भारा त्यांनी अंगणात सोडला.

माणिकबाई पानांवर आडव्या पडल्या.

“अहो, अर्धी गोष्ट ऐकून आलात! अर्ध्या गोष्टीवर पोर जाळता?”

“बाजूला हो.”

“तुमच्या रागाला पोराचंच सरण लागतं का?”

बुवांनी त्यांना हाताला धरून उठवलं. दुसऱ्या दिवशी नाल्याकाठी स्वतःच्या हातानं पुतळा बांधून जाळून आले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. बुवांनी चिडून दर्भाचा कावळा केला, त्यालाच शिववलं आणि मोकळे झाले.

मोकळे कसले! माणिकबाई त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. ताट आपटून पुढ्यात ठेवत, कुंकू मोठं लावत, आणि वसंताच्या खुंटीवर कोणाला काही अडकवू देत नसत.

मग ती रात्र आली. सव्वीस तारीख, शनिवार, मार्गशीर्ष वद्य अष्टमी. चंद्र मध्यरात्रीशिवाय उगवणार नव्हता. थंडी अशी, की कुत्रीसुद्धा गप्प. बुवा जागेच होते, मनातल्या मनात बायकोशी भांडत.

अंगणात कोणीतरी वाळला पाला झाडत होतं.

खरं तर अंगण सांजेलाच झाडून झालं होतं.

“आई.”

माणिकबाई उठून धावल्या. बुवा त्यांच्याआधी दाराशी पोचले आणि कडीला पाठ लावून उभे राहिले.

“कोण आहे?”

“मी. दार उघडा, बाबा.”

आवाज वसंताचाच. बुवांचा हात कडीकडे गेला, आणि त्यावर लगेच राग चढून बसला.

“तुझे दिवस घातलेत मी! विधी झालेल्याला असं घरात घेत नाहीत. पुन्हा जन्माचे संस्कार करावे लागतात.”

“माहीत आहे.”

“मग गेलास कशाला?”

बाहेर पाला पुन्हा सळसळला. मग...

“मी कुठे गेलो? मी तर इथेच होतो, बाबा. अंगणात... भाऱ्यात.”

बुवांची पाठ दारावरून सुटली. माणिकबाईंना त्या शब्दांचं काही नव्हतं. पोर आलं, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी कडी ओढली.

दिवा पुढे केला.

कोणीतरी पाठमोरं उभं होतं. पाठीवर थैली. हिरवी. लाल काठाची.

थैलीच्या वर डोकं.

गोल. केसाळ. वर शेंडी.

मान... नव्हती.

तुपाचा वास आला. जळक्या पानांचा आला.

“वसंता?” माणिकबाई म्हणाल्या.

ते वळलं नाही.

“बाबा... मले काहून जाळलं?”

दिवा गेला. बुवांच्या खांद्याला काहीतरी घासून आत गेलं. हलकं. कोरडं. आत खुंटी करकरली.

मग काही नाही.

उजाडेपर्यंत दोघं उंबऱ्याशी बसून होते. आत जायची हिंमत कोणातच नव्हती. तेवढ्यात गल्लीत तांगा खडखडला आणि देवमन लांबूनच ओरडला, “काकू, उठा! तुमचं पोरगं बडनेऱ्याहून आणलं! जित्तं आहे!”

वसंताच उतरला. काळवंडलेला, वाळलेला, डावा हात फडक्यात बांधलेला. माणिकबाईंनी त्याचा चेहरा चाचपला, मान चाचपली, आणि मग रडल्या.

“थैली कुठे तुझी?” बुवांनी एवढंच विचारलं.

“दरीत. पाय घसरला तिकडे. एका हातानं झाडाचं मूळ धरलं, पण थैली खाली ओढत होती. दुसऱ्या हातानं चाकूनं पट्टा कापला. थैली गेली, मी राहिलो.”

म्हणजे त्या बसमधल्या माणसाचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. देवमनच्या तांग्याला नाक्यापर्यंत जाऊ दिलं असतं, तर उरलेलंही कळलं असतं.

वाटेत देवमननं वसंताला पुतळ्याचं सारं सांगितलं होतं. बापाच्या डोळ्यांत पाहत तो म्हणाला,

“बाबा... मले काहून जाळलं?”

तेच शब्द. मधलं ते थांबणंही तेच.

बुवांना पोरावर राग आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा आला नाही. ते उंबऱ्यावरून बाजूला झाले. कुठल्या संस्काराचं नाव त्यांनी काढलं नाही. “ये,” म्हणाले. “आत ये, बाळा.”

माणिकबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. वसंतानं एक पाऊल आत टाकलं. समोरच्या भिंतीकडे पाहिलं. आणि पाऊल मागे घेतलं.

“आत कोण आहे?”

कोणी नव्हतं. देवमननं सारं घर धुंडाळलं. फक्त वसंताच्या खुंटीवर थैली लटकत होती. हिरवी, लाल काठाची. हात लावला तर बर्फासारखी गार. पट्टा चाकूनं सरळ कापलेला.

आणि कापलेली दोन टोकं लोकरीच्या धाग्यानं पुन्हा बांधलेली.

गाठ बुवांच्या हातची होती.