मैलूर नावाचं मशीन

ठाणाकुशनूरला चैतातली दुपार अशी असते की कुत्रंसुद्धा भुंकायच्या आधी दोनदा विचार करतं. जेवणं उरकली, सासू म्हाळसाबाई ओट्यावर तोंडावर पदर घेऊन आडवी झाली आणि अंजू पाण्याचा तांब्या घेऊन माडीवर कामाला बसली. बसते न बसते तोच फोन वाजला. सुधारानीचा. ही अंजूची वरिष्ठ, मूळची भालकीची, आता बेंगळुरूला असते.

"अंजू, जेवलीस का? हे बघ, ती रिकामी मशीनं उगंच चालू हायत. आज सांजपतूर बंद करून पुसून टाक."

"करते, अक्का."

"त्यात महांतेशचं पण हाय गं. तुला जमंना तर मी करते हितून."

"न्हाई," अंजू म्हणाली. "मीच करते."

अंजू आणि तिचा नवरा महांतेश, दोघं एकाच कंपनीची ही मशीनं घरबसल्या सांभाळायचे. मशीनं म्हणजे काय हे महांतेशनं एकदा आईला समजावून सांगितलं होतं. लांबच्या कुठल्या शहरात थंडगार इमारतीत मोठाले संगणक असतात, त्यांच्या पोटात शेकडो छोटे संगणक नुसते मानलेले असतात. त्यांना स्वतःचं अंग नाही. पण तुमच्याजवळ किल्ली असली की जगात कुठूनही आत शिरायचं, काम करायचं, बाहेर पडायचं. म्हातारीनं झटक्यात ओळखलं होतं.

"म्हंजे अंगात आल्यावानी. अंग एकाचं, बोलणारा दुसराच."

महांतेश पोट धरून हसला होता. या सगळ्या ‘क्लाउड’ची त्याहून सोपी व्याख्या त्याला सापडली नसती.

स्वतःच्या मशीनला त्यानं नाव दिलं होतं ‘मैलूर’. लग्नानंतर बिदरातल्या मैलूर भागात त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली होती. एकच खिडकी, तीही भिंतीकडं उघडणारी. पण सुखाचे दिवस तिथंच गेले. खोली सुटली, नाव मागं राहिलं. पौषात औरादच्या रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं, तेव्हाही मैलूर चालूच होतं. बंद करायचं कुणाच्या ध्यानात येणार?

दहाव्याच्या आदल्या रात्री, तो झोपायचा त्या जागी माडीच्या शहाबादी फरशीवर म्हाळसाबाईनं जोंधळ्याचं पीठ पसरलं, वर कोंबड्या झाकायचं मोठं डालगं घातलं आणि दिवा ठेवला. गेलेलं माणूस निघताना पिठात पाऊल ठेवतं. पाखराचं उमटलं तर पाखराचा जन्म, गाईचं उमटलं तर गाईचा. सकाळी डालगं उचललं तर पीठ जसंच्या तसं. अंजूचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, तरी तिनं वाकून पुन्हा एकदा बघितलं. त्याच सकाळी सासूनं तिच्या पायातली जोडवी काढून डबीत ठेवली आणि नंतर स्वतःच दिवसेंदिवस खंगत गेली.

"त्यो निघालाच न्हाई गं. कुटंतरी आडकलाय," एवढंच ती म्हणायची.

अंजूनं बाकीची मशीनं भराभरा पुसली. मैलूर शेवटी ठेवलं. ते बंद करायला गेली तर पडद्यावर सूचना आली. आत कुणीतरी आहे. नाव होतं महांतेश.

तिला आधी हसूच आलं. मैलूरच्या किल्ल्या दोनच. एक तिच्याजवळ, दुसरी त्याच्या लॅपटॉपमध्ये. तो लॅपटॉप अपघातात चेंदामेंदा झालेला, चादरीत गुंडाळून खाटेखालच्या ट्रंकेत पडलेला. काहीतरी गफलत असेल म्हणून ती स्वतः आत शिरली. आत लिहायचं एक कोरं पान उघडं होतं, आणि तिचा हात माऊसवर नसताना बाण हळूहळू सरकत होता.

खाली कुठं भांड्याचा आवाज नाही की गल्लीत माणूस नाही. पत्रा तेवढा उन्हानं कडकडत होता. अंजूनं लिहिलं, "कोण हाय?"

उत्तर एकेक अक्षरानं आलं.

"अंजे… हितं लई गार हाय…"

अक्षर उमटलं की कुठंतरी टक् असा आवाज व्हायचा. अंजूनं कान दिला. आवाज खाटेखालच्या ट्रंकेतून येत होता. ती उठायला गेली, पण बोटं मात्र तिची राहिली नव्हती.

"कुटं हायस?"

"मैलूरलाच… दार लागलंय. कवाधरनं हाका मारायलोय… कोणच न्हाई…"

ती जिना कसा उतरली ते तिलाच कळलं नाही. म्हाळसाबाईनं सगळं ऐकून घेतलं. म्हातारी भ्यायली नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर जरा तजेला आला.

"रडायलीस कामून? ठाव लागला न्हवं त्याचा? पोराला कोंडून ठिवू नगं. वाट दे त्याला."

तिनंच सूप भरून पीठ वर आणलं, त्याच जागी पसरलं, हातानं सपाट केलं, डालगं झाकलं आणि शेजारी दिवा लावला. "मला न्हाई बघवायचं," असं म्हणून ती खाली गेली.

खोलीत जळक्या वातीचा वास भरला होता. अंजू पडद्यासमोर बसली.

"तुला सोडायलेय मी," तिनं लिहिलं.

मग ट्रंकेत टकटक सुरू झाली.

"एकटाच जाऊ…?"

अंजूला एकदम रडू फुटलं. इतके महिने ती एकटी जेवली होती, एकटी झोपली होती. त्याच्या मोकळ्या खुर्चीशेजारी बसून रोज मशीनं उघडली-मिटली होती. लोकांनी तिला पुष्कळ धीर दिला. पण एकटी कशी राहतेस, असं एकानंही विचारलं नव्हतं. आणि आता एकटेपणाचं विचारणारं माणूस स्वतःच एकटं होतं. तिनं मनापासून लिहिलं, अगदी खरं ते लिहिलं.

"न्हाई. मी हाय संगं."

आणि डोळे मिटून मैलूर पुसून टाकलं. टकटक थांबली. पडदा मोकळा झाला. कुठूनशी गार झुळूक आली आणि दिव्याची वात दाराकडं कलली.

दिवेलागणीला म्हाळसाबाई वर आली. अंजू तिथंच, खुर्चीत बसून होती. म्हातारीनं देवाचं नाव घेतलं आणि डालगं उचललं.

पिठात पाऊल होतं. माणसाचं, उजवं, महांतेशचंच रुंद पाऊल. बोटं दाराकडं.

"निघालं गं माझं लेकरू…" म्हाळसाबाईनं तोंडाला पदर लावला. मग ती खाली वाकली, आणि वाकली तशीच राहिली.

त्याच्या शेजारी दुसरं पाऊल होतं. लहान, बाईचं, त्याच्या बरोबरीनं दाराकडं निघालेलं. अंगठ्याशेजारच्या बोटाभोवती जोडव्याचा गोल ठसा होता.

म्हातारी मान वर न करताच अगदी हळू आवाजात म्हणाली, "अंजे… तू हायस न्हवं हितं?"

"हाय की, आत्या. ही काय…" म्हणत अंजू तिला उठवायला धावली. घाईत तिचा पाय पिठावरच पडला. तिनं तो चटकन उचलला आणि खाली बघितलं.

ती दोन पावलं तशीच होती. बाकीचं पीठ, तिचा पाय पडला होता तिथलंसुद्धा, म्हातारीनं पसरलं होतं तसंच सपाट होतं.