भयपेशी

चालक नसलेले ट्रक फोंडा घाटातून उतरू लागले, त्याला नऊ वर्षं झाली होती. पण ब्रेकच्या यंत्रात कधी मांस सापडेल, असं यासीन मुजावरच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

घाटाच्या पायथ्याशी त्याचं गॅरेज होतं. समोरच्या नव्या ट्रकची तक्रार एवढीच, की उतारावर ब्रेक उशिरा लागतो. त्यानं लायनर पाहिले, ड्रम तपासले, हवेचा दाब मोजला. सगळं ठणठणीत. शेवटी ट्रकच्या कंपनीकडून आलेल्या संशोधक डॉ. केतकी राजवाडे यांनी ब्रेकच्या यंत्रातली सील केलेली एक डबी उघडायला सांगितली. झाकण निघालं तसा नासक्या दुधाचा भपकारा यासीनच्या नाकात गेला. आत बुळबुळीत पाण्यात एक राखाडी गोळा होता.

"हे काय हाय, मॅडम?"

"भयपेशी. माणसाच्या मेंदूत भीती जिथं उपजते, तिथल्या पेशी. आम्ही प्रयोगशाळेत वाढवल्यात. संगणक आधी हिशेब करतो, मग ब्रेक लावतो. भीती हिशेबासाठी थांबत नाही. साप की दोरी हे कळायच्या आत तुमचा पाय मागे येतो ना, तसं. ट्रकच्या कॅमेऱ्यांना दिसतं ते यांना कळतं. या घाबरल्या की ब्रेक लागतो."

"मग बिघाड कुठाय?"

"घाटाला सरावल्यात. पुन्हा घाबरवायला हवं."

राजवाडेबाईंनी गोळ्यात सुई खुपसून विजेचा झटका दिला. मीठ पडलेल्या गोगलगाईसारखा तो आक्रसला. डबीला जोडलेल्या पडद्यावरची भीती मोजणारी रेघ थयथयली.

"दुखतंय व्हय त्याला?"

"पेशी आहेत त्या," असं म्हणताना त्यांनी नजर वळवली आणि सुई त्याच्यापुढं धरली. "यापुढं हे काम तुमचं."

"आपल्याच्यानं व्हायचं न्हाई हे."

"मग दुसरा कुणीतरी येईल. तो झटका बेतानं देईलच असं नाही."

घाट संपतो तिथं आठवडी बाजार भरे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकखालून यासीननं तिथली माणसं स्वतः ओढून काढली होती. त्यानं सुई घेतली.

महिन्याला तीस ट्रक येत. कितीही घासलं तरी हाताचा वास जाईना. त्याला ताटातलं दही बघवेना. बाजारात मात्र कुणाला खरचटलंही नाही.

चौथ्या महिन्यात एका दुपारी सात ट्रक गॅरेजच्या अलीकडेच थांबले. ब्रेक जाम. यासीन पेटी घेऊन निघाला. तो मागं सरला, की फुस्सकन हवा सुटून चाकं मोकळी होत. पुढं आला, की ब्रेक पुन्हा आवळत.

त्यानं फोन लावला. राजवाडेबाईंनी सगळ्या ट्रकांच्या नोंदी तपासल्या.

"यासीनभाई, उतारावर रेघ आता हलतच नाही. फक्त तुम्ही दिसलात की उसळते."

यासीन रस्त्याच्या कडेला वाकून ओकला.

नव्या पेशी वाढवायला वर्ष लागणार होतं. तोवर वाहतूक तर बंद ठेवता येत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून कंपनीनं त्याला बाजाराच्या तोंडाशी, घाटाकडं तोंड करून उभं केलं.