सही होण्याआधीचं नाव

"नाव छापायचंय," तो म्हणाला आणि त्याने काउंटरवर एक लाल जर्सी ठेवली.

मी जर्सीकडे नाही, आधी त्याच्या बोटांकडे पाहिलं. नखांत काळं ग्रीस होतं, आणि काउंटरवर मी नुकतीच कापलेली पांढरी अक्षरं पसरलेली होती.

"हात मागे घ्या."

त्याने मुकाट्याने दोन्ही हात पाठीशी बांधले. बाहेर आमच्या आंबोलीच्या गल्लीत पाऊस नुसता कोसळत होता. त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं, आणि तो हसत होता... उगाचच. मला उगाच हसणारी माणसं आवडत नाहीत. म्हणजे, तोवर आवडत नव्हती.

"सॉरी मॅडम. शेजारच्या टॉवरच्या लिफ्ट मी बघतो, तिथूनच आलो. नाव इबार्रा, नंबर आठ."

"नाही छापणार."

"का?"

मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. *खेळाडूची करारावर सही झाल्याशिवाय नाव छापले जाणार नाही.* पाटी माझ्याच हातची, दोन वर्षांपूर्वीची.

दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. पप्पांनी सुरू केलं, ते गेल्यावर मी चालवते. फुटबॉलच्या जर्सींवर नावं आणि नंबर छापायचे, एवढंच काम. इंग्लंडमधल्या त्या लाल क्लबसाठी आमच्या गावठाणातली अर्धी माणसं जेवणसुद्धा विसरतात, त्यामुळे धंदा बरा चालतो. त्या जुलैत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं. इबार्रा, बावीस वर्षांचा मिडफिल्डर. त्याला घ्यायला क्लब नऊ कोटी पौंड मोजायला निघाला होता.

"अहो, आठवड्यात सही होणार आहे त्याची. सगळीकडे बातमी आहे."

"बातमी म्हणजे सही नाही. हे अक्षर एकदा गरम मशीनखाली गेलं की कापडाला धरतं. मग खेळाडू आला नाही की तुम्हीच येणार, काढून द्या म्हणून. काढता येतं, पण खाली डाग राहतो. नाव नसतं, तरी लोकांना ते वाचता येतं."

हे मी जरा जास्तच जोरात म्हटलं असावं. त्याचं हसू ओसरलं.

"ठीक आहे," तो हळूच म्हणाला. "सही झाली की येतो. मी फ्लॉयड. कांदिवलीचा, पोयसरचा."

"मी एव्हलिन. आणि छत्री घेऊन येत जा. कापडावर पाणी पडतं."

पण तो सहीची वाट बघत थांबला नाही. दुसऱ्याच दिवशी साडेपाचला काम आटोपून आला... छत्री घेऊन.

दुकानाच्या पायरीला लागून एक बाक आहे. संध्याकाळी तिथे आमची संसद भरते. शेर्विन बँकेतून येतो, निमेश खारदांड्याहून आमच्या बाजाराला मासळी पोचवून येतो, आणि जॉनी अंकल कुठूनच येत नाहीत, ते तिथेच असतात. तरुणपणी ते रेल्वेच्या टीमकडून खेळले, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा.

"एका सीझनच्या जोरावर नऊ कोटी?" निमेश म्हणाला. "बोंबलाला पापलेटचा भाव देताय यार! तेवढ्यात तीन प्लेअर येतील."

"तीन बोंबील येतील," शेर्विन म्हणाला. "आपल्या मिडफिल्डची वाट लागलीय. कॅप्टनचे पाय चालत नाहीत. बॉल पुढे न्यायचा कोणी, तू?"

"आधी गोल मारणारा आणा. गोल कोण मारणार?"

"तू काय म्हणतोस रे, लिफ्टवाल्या?" जॉनी अंकलनी फ्लॉयडला विचारलं.

फ्लॉयड जरा विचार करून बोलला. "मला त्याची एकच गोष्ट आवडते, अंकल. बॉल यायच्या आधी तो दोनदा मान वळवून मागे बघतो. अंगावर कोण येतंय ते आधी बघून ठेवतो, आणि मग... मग घाबरत नाही. बिनधास्त वळतो."

मी आत कापलेली अक्षरं शीटवरून सोलत होते. माझा हात थांबला.

रात्री जेवताना मी फोनवर इबार्राची एक मॅच लावली. खरंच, तो दोनदा मागे बघत होता. मम्मीने विचारलं, "तुला कधीपासून गं फुटबॉलचं वेड?" मी म्हटलं, धंद्यासाठी बघावं लागतं. मम्मीने माझ्या ताटात माशाची आणखी एक तुकडी वाढली.

ऑगस्ट असाच चालला होता. रोज बाकावर तेच भांडण, आणि रोज भांडण संपल्यावर फ्लॉयड काउंटरशी दोन मिनिटं थांबायचा. दोनाची पाच झाली, पाचाची पंधरा.

"आजपण नाही छापणार?" तो विचारायचा.

"सही झाली?"

"नाही."

"मग कशाला आलास?"

मी 'आलास' म्हटलं हे मला बोलून गेल्यावर कळलं. त्यालाही कळलं. त्याने धुतलेले हात काउंटरवर ठेवले, स्वच्छ, नखं कापलेली.

"बघ, आता मागे बांधायला नकोत ना?" तो म्हणाला.

मी खाली मान घालून कात्री शोधू लागले. कात्री माझ्या हातातच होती.

आणि मग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी बातमी आली. इबार्राची मेडिकल तपासणी झाली होती, जर्सी हातात घेऊन त्याचे फोटोही काढून झाले होते, आणि क्लब मागे हटला. कारण दिलं नाही. दोन ओळींचं पत्रक, संपलं.

संध्याकाळी बाकावर नुसता गोंधळ. महिनाभर ज्या शेर्विनने त्याला डोक्यावर घेतलं होतं, तोच म्हणत होता, "बरं झालं, सुटलो. गुडघाच खराब असणार."

"मी काय बोंबलत होतो?" निमेश म्हणाला. "पार्ट्या करत असेल. नाहीतर ड्रेसिंग रूममध्ये कोणाशी पटत नसेल."

जॉनी अंकलनी मान डोलावली. "काहीतरी असणारच. कारणाशिवाय कोण मागे हटतं?"

माझ्या हातातून अक्षरांची शीट खाली पडली.

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. याच बाकावर, याच आवाजात, दोन वर्षांपूर्वी. आमच्याकडे लग्न ठरलं की चर्चमध्ये तीन रविवार दोघांची नावं वाचतात. कोणाची हरकत असेल तर सांगा, म्हणून. माझं नाव दोन रविवार वाचलं गेलं. तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी मुलाकडून फोन आला, लग्न नको. कारण दिलं नाही. त्या रविवारी फादरनी बाकीची नावं वाचली आणि आमचं वगळलं. अख्ख्या चर्चने माना वळवून मम्मीकडे पाहिलं. आणि संध्याकाळी बाकावर जॉनी अंकल म्हणाले, पोरीत काहीतरी असणारच. मी दाराआड उभी होते.

आता अंकलचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनाही आठवलं असणार.

तेवढ्यात फ्लॉयड उठला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"काल जो खेळाडू चांगला होता, तो आज वाईट कसा झाला?" त्याचा आवाज चढला नव्हता. "मागे क्लब हटला. तो तर बॅग भरून आला होता, जर्सी घेऊन उभा राहिला होता. आता सगळे त्याचीच खराबी शोधताय. त्याला काय वाटत असेल, विचार केला कोणी?"

फ्लॉयड आत आला, पिशवीतून ती लाल जर्सी काढून माझ्यासमोर ठेवली.

"छाप."

"तो येणार नाहीये आता."

"माहितीये. म्हणूनच छाप. सही झाली नाही म्हणून त्याच्या नावाला काही झालेलं नाही."

माझे डोळे भरून आले. मला ते लपवायचं होतं, जमलं नाही. मी पाटीकडे पाहिलं नाही. मशीन लावलं, तापेपर्यंत अक्षरं कापली. इंग्रजीत सहा अक्षरं, खाली आठचा आकडा. पाठीवर सरळ मांडली, मशीन दाबलं आणि पंधरा सेकंद मोजले. वरचा पातळ कागद ओढून काढला.

"एव्हलिन... काय झालं?"

बाहेरचा बाक रिकामा झाला होता. मी त्याला सगळं सांगितलं. दोन रविवार, तिसऱ्याचा फोन, मम्मीचं त्यानंतर सहा महिने चर्चमध्ये मागच्या रांगेत बसणं. पाटी का लिहिली, तेही.

त्याने ऐकून घेतलं. त्या मुलाला शिवी दिली नाही, मला बिचारी म्हटलं नाही. गरम जर्सीची घडी घालत एवढंच म्हणाला, "मी त्या चर्चमध्ये असतो ना, तर तुझ्याकडेच बघितलं असतं. पण वेगळ्या कारणाने."

"फ्लर्ट करतोयस?"

"दोन महिने झाले. आज कळलं तुला?"

मी रडता रडता हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा तसं हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जॉनी अंकल दुकानात आले. टोपी हातात होती. "एव्हलिन, माझी जीभ लय वाईट गं पोरी," म्हणाले. मी त्यांना चहा दिला. आणखी काय द्यायचं?

ऑक्टोबरात आगेराचा सण आला. नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात, वाजतगाजत. त्या गर्दीत फ्लॉयडने एक लोंबी माझ्या हातात दिली आणि विचारलं. सरळच विचारलं, लग्न करशील का. मी हो म्हणायला खूप वेळ घेतला नाही, पण लगेच ते दोन रविवार आठवले.

"नावं वाचतील," मी म्हटलं.

"नको असेल तर फादरना सांगू. न वाचण्याची परवानगी मिळते. मी विचारून ठेवलंय."

त्याने आधीच विचारून ठेवलं होतं... त्या क्षणी तो मला इतका आवडला की सांगता येत नाही.

"नाही," मी म्हटलं. "वाचू दे."

लग्न जानेवारीच्या शेवटी ठरलं. डिसेंबरात तो एक नवीन, कोरी जर्सी घेऊन दुकानात आला.

"नाव छापायचंय."

"कोणाचं?"

"तुला माहितीये. पण घाई नाही. तुझा नियम आहे ना? चर्चच्या रजिस्टरवर आपली सही झाली की छाप. तोवर राहू दे तुझ्याकडे."

मी ती मशीनच्या वर, खुंटीला टांगली. रोज तिच्याखाली दुसऱ्यांची नावं छापत राहिले.

पहिल्या रविवारी नावं वाचली तेव्हा मी मम्मीचा हात घट्ट धरला होता. दुसऱ्या रविवारी मम्मीने माझा धरला. फादरनी वाचलं, पोयसरचा फ्लॉयड, आंबोलीची एव्हलिन. कोणी हरकत घेतली नाही. मी दोनदा मान वळवून मागे बघितलं. दुसऱ्यांदा तो दिसला, सगळ्यात मागे, दाराशी. इस्त्रीच्या शर्टच्या कॉलरमधून आतली ती लाल जर्सी डोकावत होती.

तो आठवडा कसा जायचा, मला माहीत होतं. फोन वाजला की मी आधी नंबर बघणार, शनिवार तर उजाडूच नये असं वाटणार. मागच्या वेळी मी याच जागेवर उभी होते, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे.

त्याच रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी बंद दुकान उघडलं. मशीन लावलं. खुंटीवरची जर्सी काढली. माझं नावही इंग्रजीत सहाच अक्षरांचं. पंधरा सेकंद मोजायला मी डोळे मिटून घेतले.

मग त्याला फोन केला, ये म्हणून. तो कांदिवलीहून धावतपळत आला. काहीतरी बिनसलं असं त्याला वाटलं असणार, चेहरा पांढराफटक पडला होता. मी जर्सी त्याच्या हातात दिली. कापड अजून कोमट होतं. त्याने पाठ उलटून पाहिली, आणि पाहतच राहिला.

"एव्हलिन... अजून तिसरा रविवार बाकी आहे. सही नाही झाली."

"माहितीये," मी म्हटलं. "घाल ती."