भट्टीच्या दारावर तीन ठोके

जून म्हणजे तिकडे ऐन हिवाळा; त्या थंडीत सकाळी सहाला म्हातारा गुमेदे बुलावायोच्या रेल्वे संग्रहालयात आला, तो वाफेचं जुनं इंजिन पेटवायला. तीस वर्षं त्या इंजिनाने खाणींतून कोळसा ओढला होता आणि पुढची तीस वर्षं ते नुसतंच गंजत उभं होतं. आज दुपारी तपासनीस येणार होता. तोवर वाफ धरली तर इंजिन वाचणार, नाहीतर सोमवारी कापून भंगारात. गुमेदेने दोन वर्षं खपून बॉयलरच्या नळ्या बदलल्या होत्या. त्याचा सगळा जीव त्या धुडात अडकला होता.

संग्रहालयात काम करणारी तरुण थांडेका रॉकेलात भिजवलेल्या चिंध्या घेऊन तयार होती. गुमेदेने फावडं उचललं आणि भट्टीच्या दारावर तीनदा ठोकलं.

"बाबा, आत पालसुद्धा नाही हो. कुणाला उठवताय?"

"रीत आहे, पोरी. थंडीत रेल्वेचे खलाशी कोमट भट्टीत शिरून झोपायचे. ठोकल्याशिवाय जाळ घालायचा नाही."

आतून तीन ठोके आले.

थांडेकाचं हसू मावळलं. तिने दार उघडून बॅटरी मारली. विटा, जाळी, जुनी राख. बाकी काही नाही.

"थंडीने पत्रा वाजला असेल..."

गुमेदेने दार लावून पुन्हा ठोकलं. पुन्हा तीन.

त्र्याहत्तर साली अशाच एका सकाळी त्याला उशीर झाला होता आणि हीच भट्टी त्याने न ठोकता पेटवली होती. आत हादेबे खलाशी झोपला होता. चौकशीत गुमेदेने शपथेवर सांगितलं, मी ठोकलं होतं, तोच उठला नाही. मग मेलेल्या हादेबेलाच सगळ्यांनी दारुडा ठरवलं. ही लाज गुमेदेने बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

"बाबा, आता पेटवलं नाही तर दुपारपर्यंत वाफ धरायची नाही."

गुमेदेने दार उघडलं आणि आत तोंड घालून हळूच म्हणाला, "हादेबे... मी खोटं बोललो होतो. आज ठोकलंय. बाहेर ये, भावा..."

गालाला राख चाटून गेली. गरम होती. त्याने पुन्हा ठोकून पाहिलं, या खेपेला काहीच आलं नाही. मग त्याने चिंध्या पेटवून आत टाकल्या.

दोन वाजता वाफेच्या दाबाचा काटा हवा तिथे चढला. तपासनीसाने सही केली, थांडेकाने शिट्टी ओढली आणि गुमेदे सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. पन्नास वर्षांनी त्याला मोकळं वाटत होतं.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा त्याची बायको मान्योनी शाल लपेटून अंगणात बसली होती.

"किती उशीर हो! तुमचा पाहुणा सकाळपासून खोळंबलाय, स्वयंपाकाच्या झोपडीत. जेवणाला हात लावला नाही. राखेने नुसता माखलाय मेला."

"काही... बोलला?"

"म्हणाला, गुमेदे दमून येईल, त्याला आत निजू दे. शेकोटी मी पेटवतो. रॉकेलची बाटलीही मागून घेतलीय."