पोचलीस की एक रिंग दे

ही गोष्ट खरी आहे. रचून सांगायची कला माझ्याकडे नाही, आणि असलं काही रचायला माझी जीभही रेटणार नाही. नावं तेवढी बदलली आहेत... माझंसुद्धा.

मे २००५. ओहायोमधलं डब्लिन.

आणि रात्र नव्हती बरं का. जे घडलं ते सगळं लख्ख उजेडात घडलं, बहुतेक सकाळच्या चहाच्या वेळी. भूत रात्रीच येतं अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हे जरूर वाचावं.

सुलभाताई आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहते. तिची एकुलती एक मुलगी इला. वीस वर्षांची, इथेच जन्मलेली, अखंड बडबडी. कॉलेजच्या स्टडी ट्रिपला चीनला निघाली होती. बीजिंग, शिआन, चेंगडू, शांघाय. अठरा मुलं, दोन प्रोफेसर, साडेतीन आठवडे.

"प्रत्येक गावात पोचलीस की एक रिंग दे आणि कट कर," सुलभाताईने बजावलं. "मी उचलणार नाही. समजेन, सुखरूप आहेस."

"आई, सीरियसली? वी आर नॉट दॅट पुअर!"

"तू दे गं. उगाच फोनकार्डाचे पैसे कशाला जाळायचे?"

आपल्या लोकांची ही जुनी खोड. न उचललेल्या फोनचे पैसे पडत नाहीत. दात कोरून पोट भरत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी कोरायचं सुटत नाही. मीही तेच करायचे.

फक्त परत कोलंबसला, आमच्या जवळच्या विमानतळावर, उतरल्यावर पूर्ण फोन करायचा, कुणी उचलेपर्यंत. घ्यायला जायचं होतं ना.

शनिवारी, चौदा तारखेला सकाळी नऊला फोन वाजला. एकदाच. डिस्प्लेवर 'आउट ऑफ एरिया', परदेशातून फोन आला की तसंच दिसायचं. सुलभाताईने फ्रिजवर लावलेल्या ट्रिपच्या तारखांच्या कागदावर बीजिंगसमोर बरोबरची खूण केली.

बुधवारी, अठराला, आठ पस्तीसला पुन्हा एक रिंग.

"पोचली बघा शिआनला," ती नवऱ्याला, गुरुदत्त भाऊजींना म्हणाली, आणि खूण करून चहा टाकायला गेली.

पावणेअकराला परत फोन आला. या वेळी तो थांबेना...

प्रोफेसर होते. शिआनमध्ये, हॉटेलसमोरचा रस्ता ओलांडताना, ट्रक. इला जागच्या जागी गेली होती.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. पण सुलभाताईच्या मनानेही हे कधी चिंतलं नव्हतं. तिच्या कागदावर तर बरोबरची खूण होती.

ट्रिप अर्धवट सोडून सगळा ग्रुप परत आला. तेवीसला इलाची रूममेट मेगन भेटायला आली. सोफ्याच्या कडेवर बसून रडत होती बिचारी. मी शेजारीच होते.

हॉटेलच्या फोनवरून परदेशी कॉल लागत नव्हता म्हणे. समोर एक फोनचं दुकान होतं. इला म्हणाली, "माय मॉम इज वेटिंग फॉर द रिंग. दोन मिनिटांत येते."

ती दुकानापर्यंत पोचलीच नाही.

"किती वाजले होते?" सुलभाताईने विचारलं.

रात्रीचे आठ वीस, मेगन म्हणाली. म्हणजे आपल्याकडे सकाळचे आठ वीस.

"पण रिंग तर आली होती..." सुलभाताई हळूच म्हणाली. "आठ पस्तीसला."

मेगनचा चेहरा पांढराफटक पडला.

भाऊजी म्हणाले, टेलिमार्केटिंगवाले असतील. आम्हीही माना डोलावल्या. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी, चोवीस तारखेला, इलाचा देहसुद्धा अजून आला नव्हता. घर माणसांनी भरलेलं. आठ पन्नासला फोन वाजला...

एक रिंग. आणि बंद.

सुलभाताई धावली. रिसीव्हर उचलला. नुसता टोन. तिची नजर फ्रिजकडे गेली.

चोवीस मे. चेंगडू.

ग्रुप तर केव्हाच परत आला होता. मग चेंगडूला पोचलं कोण?

सत्तावीसला इला आली. अठ्ठावीसला सगळं उरकलं. तो दिवस मी लिहिणार नाही.

तीस तारखेला तेरावा. कागदावर त्याच दिवशी शांघाय. सुलभाताई पहाटेपासून फोनशेजारी बसून होती, रिसीव्हरवर हात ठेवून. भाऊजी म्हणाले, "सुलभा, भटजी येतील आता. ऊठ." ती उठेना.

नऊ पाच झाले.

फोन नीट वाजलाही नसेल... तिने उचलला.

आधी रस्त्याचा आवाज आला. हॉर्न, सायकलींच्या घंट्या. मग...

"आई! व्हाय डिड यू पिक अप? एकच रिंग द्यायचं ठरलं होतं ना!"

तोच आवाज. हसरा, थोडा वैतागलेला. पुढचं सगळं सुलभाताईने मला शब्दन् शब्द सांगितलंय.

"इला... कुठे आहेस तू?"

"शांघायला. आत्ताच आले. आई, इट्स सो प्रिटी. पण ग्रुप कुठे गेला गं? मेगन पण दिसत नाहीये. बसमध्ये मी एकटीच होते."

सांगायला हवं होतं. बाळा, तू आता नाहीस. पण कोणत्या आईच्या तोंडून हे निघेल? सुलभाताईच्या तोंडून निघालं ते एवढंच...

"जेवलीस का गं?"

"नाही. भूकच लागत नाही अलीकडे." मग जरा थांबून, "आई, मला घरी यायचंय. संडेला कोलंबसहून फोन करते. यू कम अँड गेट मी, ओके?"

"येते. मी येते हं," सुलभाताई म्हणाली, आणि लाइन गेली.

भाऊजींनी फक्त अर्धी रिंग ऐकली होती. दुःखाने भास होतात, ते म्हणाले, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

रविवार, पाच जून. सुलभाताई सकाळीच तयार झाली. फोनची वाट बघत घरात बसवेना तिला. "ती उतरेल आणि मी नसेन, असं नको," म्हणाली. भाऊजींनी गाडी काढली. विश्वास नव्हता त्यांचा. पण तिला एकटीला ड्राइव्ह कसं करू देणार?

जाताना तिने माझे दोन्ही हात धरले.

"सुमेधा, तू फोनपाशी बस. आला तर उचल. सांग, आई तिथेच आली आहे, शोध म्हणावं. घाबरू नकोस. आपली इलाच आहे."

"हो ताई," मी म्हणाले. एवढंच काम होतं माझं.

बाहेर कुणीतरी लॉन कापत होतं. स्वच्छ ऊन. दोन वाजले, अडीच वाजले. मी मासिक चाळत होते. खरं सांगते, मलाही वाटत होतं की काही होणार नाही.

तीन दहाला फोन वाजला.

डिस्प्लेवर 'आउट ऑफ एरिया' नव्हतं.

'पे फोन, कोलंबस'.

दुसरी रिंग... तिसरी... माझा हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. पाचवी. सहावी. मी त्या मुलीला अंगाखांद्यावर खेळवलंय हो. तिच्या अकराव्या वाढदिवसाचा केक मी केला होता. आणि तिचाच फोन उचलायला माझा हात होईना. मी रिंगा मोजत राहिले, मूर्खासारखी.

सतरा.

अठरावी अर्ध्यात तुटली. तीन वाजून अकरा मिनिटं.

लॉनमोअर चालूच होता.

सात वाजता दोघं परतली. दारातूनच सुलभाताईने विचारलं, "फोन?"

तिचा चेहरा बघून मला वाटलं, आता हे संपू दे. नाही म्हटलं तर ही सुटेल यातून.

"नाही ताई. नाही आला."

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "म्हणजे अजून पोचली नाही."

मी पाणी दिलं. ते पिता पिता ती सहज सांगू लागली. दोघं खाली सामानाच्या पट्ट्यापाशी बसली होती, पे फोनच्या रांगेजवळ. प्रत्येक फ्लाइटची माणसं बघत. एका फोनचा रिसीव्हर कुणीतरी तसाच लोंबकळत सोडला होता. जवळपास कुणी नव्हतं.

"हलत होता गं अजून. मी उठून जागेवर ठेवला."

"किती वाजता?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"तीनच्या सुमाराला असेल. का गं?"

"काही नाही," मी म्हणाले.

याला तीन वर्षं झाली. तिच्या घरी पुन्हा तशी रिंग आलेली नाही. भाऊजींना दुसऱ्या राज्यात, चँडलरला चांगली नोकरी मिळत होती, पण ती जागची हलली नाही. नंबर बदलेल ना. आजही कुणाचाही फोन आला तर पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलते. परवा मला म्हणाली, "लांबचा रस्ता आहे गं. एकटी आहे, वेळ लागेल."

मी मान हलवली.

पोचली होती ती. आईपासून हातभर अंतरावर उभी राहून तिने घरी फोन लावला होता. मी उचलला असता तर एवढंच सांगायचं होतं, की मागे वळून बघ.

हे मी सुलभाताईला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू, तुम्हीच सांगा.