पुलापासून दोन अँपियर

गोल्फ म्हणजे नेमकं काय, हे लातुरात कुणी बापजन्मात पाहिलेलं नाही. पण गोल्फची गाडी मात्र औसा रोडच्या रेणुकादास सरांच्या क्लासमध्ये होती. हैदराबादच्या कुठल्याशा क्लबानं काढून टाकलेली, सहा सीटची, वर कापडी छत. पुढं दोघं, मध्ये दोघं, आणि मागं दोघं, त्यांची तोंडं मागल्या रस्त्याकडं. मुलींचं होस्टेल खाली ओढ्याच्या कडेला, वर्ग आणि गेट वर माळावर, मध्ये अर्ध्या किलोमीटरचा चढ. चढाच्या मध्यावर एक नळकांडी पूल. एवढीच त्या गाडीची दुनिया.

तिचा डॉक्टर देवणीचा आनंदराज. देवणीत त्याचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान होतं आणि सरांच्या क्लासची सगळी इन्व्हर्टरं त्याच्याच हातची. माणूस मोजूनमापून बोलणारा. देवदेवस्की, भानामती असल्या गोष्टींना त्याच्या घरात थारा नव्हता. ज्याला मीटर लावता येत नाही ते नसतंच, असं तो दुकानात येणाऱ्याला सरळ सांगायचा, आणि लोक त्याला चहा पाजून हसायचे.

तर झालं असं, की एप्रिलमध्ये त्याची मुलगी धम्मप्रिया होस्टेलच्या बाथरूममध्ये घसरली आणि तिचा उजवा पाय प्लास्टरमध्ये गेला. नीटची परीक्षा तीन आठवड्यांवर. रोज दोन सराव परीक्षा, त्या वर. आणि मुहूर्त बघून त्याच आठवड्यात गाडी रुसली.

रेणुकादास सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी आनंदराजला ऑफिसात बसवून पाणी दिलं आणि मग सांगितलं, "मुलींनी तिला एकदा उचलून आणलं, तर चढावर दोघी पडता पडता वाचल्या. मी हा धोका नाही घेणार. गाडी चालली तर धम्मप्रिया इथं राहील. नाही चालली तर तिला घरी घेऊन जा."

देवणीत बसून डॉक्टरकी मिळत नसते, हे दोघांनाही ठाऊक होतं. दोन वर्षं ती पोरगी पाचला उठत होती.

गाडीचा ड्रायव्हर भुजंग, पन्नाशीचा, आधी दालमिलचा टेम्पो चालवायचा. त्यानं रडगाणं ऐकवलं. "रातभर चार्जिंगला लावून राहिलो बघा. सकाळी हिरवा दिवा, चार्जच्या सहाच्या सहा कांड्या फुल. अन् पुलापाशी गेली की एकच कांडी. लई बेजार केलंय."

आनंदराजनं सीट उचलल्या. खाली आठ बॅटऱ्या, एकीच्या शेपटीला दुसरी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. ती सोड्याच्या पाण्यानं धुतली. सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरलं. पाच नंबरची बॅटरी बसलेली निघाली. आठांतली एक बसली की उरलेल्या सातांना ओढून खाली नेते, ती बदलली. चार्जरचा रिले, म्हणजे आतला स्विच, चिकटून दोन तासांतच हिरवा दिवा दाखवत होता; तोही दुरुस्त केला. ब्रेक घासतोय का ते चाकं उचलून पाहिलं. काही शिल्लक ठेवलं नाही.

"आता घोड्यावाणी पळंल," तो म्हणाला.

पळाली. फक्त त्याच्या वहीतला आकडा जुळेना. गाडी आणली त्या दिवशी त्यानं चढावर केबलला क्लॅम्प मीटर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, लावून गाडी किती करंट ओढते ते लिहून ठेवलं होतं: भुजंग एकटा, ऐंशी अँपियर. आता होस्टेलपासून पुलापर्यंत ऐंशीच. पण पूल ओलांडला की ब्याऐंशी, आणि ते थेट गेटपर्यंत ब्याऐंशी. त्यानं गाडी दहादा चढवली. दहादा तेच. पुलाच्या पुढं चढ जास्त असेल म्हणून त्यानं पाण्याची लेव्हल नळी लावून चढ मोजला. उतार सगळीकडं सारखा होता. मग त्यानं खालून न निघता पुलाच्या पलीकडून गाडी सुरू केली. आकडा ऐंशी.

म्हणजे रस्ता नाही. पुलावरून जाताना गाडीत काहीतरी चढत होतं.

हे मनात आलं तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली. दोन अँपियर म्हणजे किती, एवढंच बघू, म्हणून त्यानं मेसमधून तुरीच्या डाळीचं पोतं मागितलं. वजनकाट्यावर डाळ काढत, घालत, गाडीत ठेवत तो दुपारभर उन्हात राबला. धम्मप्रिया बसली की सहा अँपियर वाढायचे. ती चोपन्न किलोची. दोन अँपियरला डाळ लागली अठरा किलो.

अठरा. आनंदराज काट्याशेजारी खालीच बसला.

त्र्याण्णवच्या पोळ्याला, गावच्या पिठाच्या गिरणीत, त्यानं धाकट्या बहिणीला काट्यावर बसवलं होतं. जगदेवी, सहा वर्षांची. गिरणीवाला म्हणाला, अठरा किलो, कुणाला दळून पाहिजे काय. जगू खदाखदा हसली होती. पुढच्याच महिन्यात अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर पहाटे जमीन हलली आणि तेरणेकाठचं त्यांचं गाव दगडमातीखाली गेलं. बाप त्यातच राहिला. आई, सरजाबाई, कमरेपासून खाली चेंगरलेली. सकाळी एक जीप आली. तीत आई, अजून तीन जखमी, बारा वर्षांचा आनंदराज आणि त्याच्या मांडीवर जगू. ओढ्यातून वर निघताना जीप चढेना. ड्रायव्हर ओरडला, एकानं उतरा, नाहीतर सगळेच मरताल.

आनंदराजच्या अंगावर ओरखडाही नव्हता. त्यानं जगूला मांडीवरून खाली ठेवलं आणि सांगितलं, "जगू, तू उतर. दुसऱ्या फेरीत ये."

दुसरी फेरी झाली. तिथं कुणी नव्हतं. पुढं कधीच कुठं सापडली नाही. गर्दीत हात सुटला, असं त्यानं आईला सांगितलं, बायकोला सांगितलं, सरकारी यादीवाल्यांना सांगितलं. आई गेली ती तेच खरं धरून.

"काय झालं वं?" भुजंगनं विचारलं. "ऊन लागलं का?"

"न्हाई. डाळ सांडली," आनंदराज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुली बसल्यावर अजून एक गोष्ट कळली. सहाही सीट भरल्या की गाडी पुलावर थांबायची. बॅटऱ्या टणटणीत, मोटर थंड, तरी थांबायची. एक जागा रिकामी असली की न कुरकुरता वर जायची, दोन अँपियर जास्त घेऊन. त्यानं हे तीनदा तपासलं आणि चौथ्यांदा तपासायचं धाडस त्याला झालं नाही.

"मागची डावी सीट मोकळी ठेवायची," त्यानं भुजंगला बजावलं. "बॅलन्सचा प्रश्न हाय."

भुजंगनं त्या सीटवरून हात फिरवला. "बॅलन्सचाच नव्हं?"

"मग कशाचा असंल?"

"न्हाई, आपलं विचारलं," भुजंग म्हणाला, आणि त्यानं परत तो विषय काढला नाही.

तीन आठवडे गाडी चालली. आनंदराज देवणीचं दुकान बंद ठेवून क्लासच्या पंपाच्या खोलीत राहिला. स्वतः गाडीत बसायचा नाही, बाजूनं चालायचा. भीती होतीच, पण खोटं कशाला बोला, त्याला कुठंतरी बरंही वाटत होतं. तिला जागा मिळत होती. वर पोचत होती.

"पप्पा, तुम्हाला एक सांगू?" धम्मप्रिया एकदा मागच्या उजव्या सीटवरून म्हणाली. "एवढ्या उन्हात पुलापासून माझ्या रिकाम्या सीटकडच्या हाताला गार लागतं. जसं कुणी ओल्या हातानं धरलंय."

"छत फाटलंय, वारं येत असंल," तो म्हणाला. छत फाटलेलं नव्हतं.

परीक्षेचा रविवार उजाडला. सेंटरला नेणारी बस अकराला गेटवरून सुटणार होती. चालणाऱ्या मुली पुढं गेल्या. धम्मप्रिया आपल्या जागेवर बसली, मध्ये पोट बिघडलेल्या दोघी, स्टिअरिंगवर भुजंग. आज पोरीला आपल्या हातानं बसमध्ये बसवायचं म्हणून आनंदराज मीटर घेऊन भुजंगच्या शेजारी बसला. एवढ्यात वॉर्डन अपूर्वा मॅडम फायलींचा गठ्ठा घेऊन धावत आल्या आणि मागच्या डाव्या सीटवर बसल्या. गाडी हलली तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं.

गाडी पुलावर थांबली.

भुजंगनं पेडल दाबलं. कांड्या झरझर उतरून एकीवर आल्या. वर बसनं हॉर्न दिला.

"पप्पा, पावणेअकरा झालेत," धम्मप्रिया म्हणाली.

दुसरा हॉर्न. मग तिसरा, लांबलचक. आपण स्वतः उतरावं, हे आनंदराजच्या डोक्यातच आलं नाही. तेव्हाही आलं नव्हतं.

त्यानं मागं न बघता, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हटलं, "जगू, तू उतर. दुसऱ्या फेरीत ये."

गाडी लगेच हलली. मीटरवरचे दोन अँपियर गेले.

मागं तोंड करून बसलेली धम्मप्रिया वर पोचेपर्यंत पुलाकडं बघत होती. बसमध्ये चढताना तिनं विचारलं, "पप्पा, कुणाला उतरवलं?"

"कुणाला न्हाई, बाळा. पेपर नीट वाच."

बस गेली आणि आनंदराज भुजंगला गाडी घ्यायला लावून तिच्या बाजूनं पळतच खाली आला. पुलावर थांबला. मागची डावी सीट त्यानं रुमालानं पुसली. मग वर गेला. मीटर पाहिलं, भुजंग एकटा असताना यायचा तोच आकडा. खाली आला, परत वर. पुन्हा ऐंशी. अकरा फेऱ्या केल्या. "ये की गं," तो एकदा मोठ्यानं म्हणाला, आणि पुलाखालच्या कोरड्या नळ्यांत वाकून पाहिलं. बॅटरी उतरली तेव्हा होस्टेलच्या पोर्चमध्ये गाडी चार्जिंगला लावून तो डोकं धरून बसला.

सहाच्या सुमारास बस परत आली. मुली चढ उतरून खोल्या आवरायला आल्या, हसत, उत्तरांवरून भांडत. धम्मप्रियाही त्यांच्याबरोबर आली होती. कुबडी काखेत होती, पण तिच्यावर भार दिलेला दिसत नव्हता.

"पेपर कसा गेला?"

"गेला की," ती म्हणाली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. डाव्या.

या खेपेला आनंदराज गाडीत बसला नाही. देवणीला न्यायची तिची बॅग त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतली, मीटर हातात धरलं, आणि भुजंगला चल म्हणून तो बाजूनं चालू लागला.

भुजंगचे ऐंशी. धम्मप्रियाचे सहा. शहाऐंशी यायला हवे होते.

मीटरवर ब्याऐंशी होते, म्हणजे अठराच किलो. अजून पूल आलाही नव्हता.

त्यानं क्लॅम्प काढून परत लावला. ब्याऐंशी. त्यानं पोरीकडं पाहिलं. तीच वेणी, तेच प्लास्टर, प्लास्टरवर मैत्रिणींनी पेनानं लिहिलेली तीच नावं.

"लई वेळ लावलास," ती म्हणाली. धम्मप्रियानं आजवर बापाला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

पूल आला आणि मागं पडला. मागं तोंड करून बसलेल्या तिनं रिकाम्या पुलाकडं बघून हात हलवला, आणि लहान पोरीला समजवावं तशा आवाजात म्हणाली, "धम्मप्रिया, तू राहा. दुसऱ्या फेरीत ये."