एकाच वेळी झोप आणि धडधड

एकाच माणसाला एकाच वेळी झोपही येईल आणि छातीत धडधडही होईल, असं कधी होतं का? यामिनी सुरवसेला वाटायचं, नाही होत. झोप आली की सगळं शांत होतं आणि धडधड सुरू झाली की झोप उडते. पण २०६१ सालच्या त्या सकाळी, सोलापूरजवळच्या माळरानावर, हे दोन्ही तिच्या मैत्रिणीला एकदम झालं.

माळरानावर मुलांची ग्लायडरशाळा होती. ग्लायडर म्हणजे इंजिनाशिवाय हवेवर तरंगणारं विमान. त्यात एकेकट्याने बसून मुलं वरून माळढोक पक्ष्यांची पाहणी करत. पक्षी आवाजाला बुजतात, म्हणून हे बिनआवाजाचं विमान. शाळा चालवायचे यामिनीचे आजोबा, डॉ. सुरवसे. ते औषधशास्त्रज्ञ (औषध शरीरात जाऊन काय करतं याचा अभ्यास करणारे) होते आणि तरुणपणापासून ग्लायडर उडवत होते.

त्या वर्षी माळढोकाचं पिल्लू पहिल्यांदाच दिसलं होतं. त्याचा फोटो घ्यायला जाण्यासाठी आजोबांनी निवडलं मेहजबीन बागवानला.

स्वतःच्या नातीला नाही!

यामिनीच्या पोटात तेव्हापासून काहीतरी जळत होतं. मेहजबीन तिची शाळेतली जवळची मैत्रीण. पण आता तिचं सगळंच खुपायला लागलं. तिचं हसणं, तिचं अलगद विमान उतरवणं. आजोबांना ती "आजोबा" म्हणायची तेसुद्धा. "माझे आजोबा आहेत ते," असं यामिनीच्या अगदी ओठांवर यायचं.

त्यात गवत फुलोऱ्यावर आलं आणि मेहजबीनला शिंका सुरू झाल्या. नाक चोंदलं, डोळे लाल झाले. डॉक्टरांनी अॅलर्जीची गोळी दिली. यामिनी वरवर म्हणाली, "काळजी घे गं." मनात मात्र म्हणाली, बरं झालं. एकदा तरी हिचं काहीतरी चुकू दे.

उड्डाणाच्या सकाळी विमानाच्या शेडमागे यामिनीला मेहजबीन दिसली. ती पिशवीतून एक बाटली काढून औषध पीत होती.

"हे काय?" यामिनीने विचारलं.

"सर्दीचं औषध. घरात होतं. गोळी घेतली सकाळी, पण नाक अजून बंदच आहे. आजोबांना सांगू नकोस हं, नाहीतर उडू देणार नाहीत."

यामिनी विचार करू लागली. सांगितलं तर सगळे म्हणतील, जळते म्हणून चुगली केली. आणि नाही सांगितलं तर? कदाचित हिचा फोटो हुकेल. तो विचार तिला गोड वाटला. ती गप्प राहिली.

अर्ध्या तासाने मेहजबीन विमानात बसली. 'टिटवी' नावाचा यंत्रमानव पंख तपासत होता. यामिनी जवळच उभी होती. मेहजबीनने मोठी जांभई दिली. मग पट्टा लावायला गेली, तर तिची बोटं थरथरत होती. बक्कल काही केल्या बसेना.

"छातीत कसंतरी होतंय," ती पुटपुटली, "आणि डोळे मिटतायत."

यामिनीला एकदम आकाश दिसलं. फोटो नव्हे, नुसतं उंच, मोकळं आकाश आणि त्यात मिटत चाललेले डोळे.

"टिटवी, थांब! आजोबा, हिला सोडू नका! हिने गोळीवर सर्दीचं औषधही घेतलंय!"

मेहजबीनचा चेहरा लाल झाला. "खोटारडी! जळतेस तू माझ्यावर!"

"हो, जळते," यामिनी म्हणाली. "पण तू औषध दोनदा घेतलंयस, हेही खरं आहे."

आजोबांनी लगेच मेहजबीनला खाली उतरवलं. नाडी पाहिली, तर ती भरभर चालली होती. त्यांनी गोळीचं पाकीट आणि बाटली दोन्ही घेतली आणि पडद्यावर डॉक्टरांना दाखवली. डॉक्टर म्हणाल्या, "दोन्हींत तीच औषधं आहेत. आता आणखी काही देऊ नका. लगेच दवाखान्यात आणा, मी लक्ष ठेवते."

दुपारपर्यंत नाडी ठिकाणावर आली. मेहजबीन दवाखान्यातल्या खाटेवर बसली होती आणि यामिनीकडे बघत नव्हती. पण कुतूहल काही तिला गप्प बसू देईना.

"आजोबा, झोप आणि धडधड एकदम कशी आली?"

आजोबांनी खुर्ची जवळ ओढली. "तुझ्या नाकात गवताचे परागकण (फुलातली बारीक भुकटी) गेले. ते निरुपद्रवी असतात. पण तुझ्या शरीरातल्या पहारेकरी पेशींना ते शत्रू वाटले. त्यांनी हिस्टामिन नावाचं रसायन सोडलं. हिस्टामिन पेशींवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसतं, मग शिंका, खाज, नाकातून पाणी."

"मग गोळी काय करते?"

"तुझ्या गोळीत दोन औषधं आहेत. पहिलं हिस्टामिनविरोधी. ते आधीच जाऊन त्या जागा अडवतं. हिस्टामिनला बसायला जागाच उरत नाही."

"पण झोप?" यामिनीने विचारलं.

"आपल्या मेंदूला जागं ठेवायलाही हिस्टामिन लागतं. यातली काही औषधं मेंदूतल्या जागाही अडवतात. म्हणून गुंगी."

"आणि दुसरं औषध?"

"नाक चोंदतं ते आतल्या रक्तवाहिन्या फुगल्यामुळे. दुसरं औषध त्यांना आकसायला लावतं. वाट मोकळी होते. पण ते रक्तातून अंगभर फिरतं, नाकापुरतं थांबत नाही. म्हणून हृदय जोरात चालतं, रक्तदाब वाढतो, हात थरथरतात. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये."

मेहजबीन विचारात पडली. "एक झोपवतं, एक जागवतं. मग दोघांची बेरीज शून्य का नाही झाली?"

आजोबा खूश झाले. "कारण दोघांची कामाची ठिकाणं वेगळी. मेंदू पेंगत राहिला आणि हृदय धावत राहिलं. धडधड होते म्हणून माणूस सावध असतो असं नाही. आणि तू तर दोन्ही औषधं दुप्पट घेतलीस. नावं वेगळी असली तरी पाकिटावर आतल्या औषधांची नावं वाचायची. एक चालू असताना दुसरं घ्यायचं तर आधी विचारायचं. आणि गुंगी आणणाऱ्या औषधावर विमान काय, सायकलसुद्धा चालवायची नाही."

"आज सकाळी मी डॉक्टरांनी दिलेली एक गोळीच घेतली असती, तरी?" मेहजबीनने विचारलं.

"तरीही उडू दिलं नसतं. आणि आज औषध घेतलंस का, ते विचारायला मी विसरलो, ही माझी चूक."

संध्याकाळी आजोबा यामिनीला म्हणाले, "वारा चांगला आहे. जातेस?"

यामिनी उडाली. वरून तिला गवतातला तपकिरी ठिपका दिसला, आईच्या मागे लुटुलुटु चाललेला. तिने फोटो घेतला. इतके दिवस हवं होतं ते मिळालं होतं, तरी दाखवायला बाजूला कुणी नाही, हे तिला टोचत होतं.

ती खाली आली तेव्हा दवाखान्यातून परतलेली मेहजबीन शेडच्या दाराशी बसली होती. यामिनीने फोटो पुढे केला.

मेहजबीनने तो बराच वेळ पाहिला. "खूप सुंदर आलाय," ती म्हणाली. मग ओठ चावत म्हणाली, "खरं सांगू? आता मला तुझा हेवा वाटतोय. इथे आत आग लागल्यासारखं होतंय."

"माहितीय," यामिनी म्हणाली. "मला कितीतरी दिवस होत होतं. सकाळी तू औषध पीत होतीस तेव्हा मी त्याच्यामुळेच गप्प बसले."

मेहजबीनने तिच्याकडे पाहिलं. मग सरकून बाजूला जागा केली.

"डॉक्टर मला गुंगी न आणणारं दुसरं औषध देऊन बघणार आहेत," ती म्हणाली. "जमलं तर पिल्लाला पंख फुटताना मी वर असेन."

"आणि मी खालून जळत बसेन," यामिनी म्हणाली.

दोघी हसल्या. माळावर गवत वाऱ्याने झुकत होतं आणि मेहजबीनला एक सणसणीत शिंक आली.